विकलेल्या भावाला

दादा,

लोक येतात, चटईवर बसतात, पाण्याचा पेला हातात घेतात आणि मला सांगतात, "सुटले हो. भरलं आयुष्य जगले." मी मान हलवते. मनात म्हणते, तो कशात अडकला होता ते तुम्हाला कुठं माहीत आहे, मग सुटला कसं म्हणता. तुझी सून गुणाची आहे, मला खुर्चीवरून उठू देत नाही. पण काल तिनं विचारलं, "आत्या, बाबांना तुम्ही कोंडू का म्हणायचात? वसंत किती छान नाव आहे." मी म्हटलं, लाडाचं नाव गं. एवढी मोठी गोष्ट चहाच्या वेळी कशी सांगायची? तू विकलेला मुलगा होतास, हे आता माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. आणि एकटीलाच माहीत असलेल्या गोष्टीची मला भीती वाटते. तू मला भित्री भागूबाई म्हणायचास. म्हण बापडा. या वयात ते नाव पुसायला मी कुठं जाऊ.

तुझ्याआधी आईची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. तू झालास तेव्हा सुईणीनं तुला आईच्या कुशीत ठेवायच्या आधीच सांगितलं, "बाय, ह्याला आपला म्हणू नको. इकून टाक." बेलवलीत ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. ज्या घरात मुलं टिकत नाहीत तिथलं मूल परक्या बाईला विकायचं. मरण शोधत आलं तर त्याला या घरचं मूल सापडता कामा नये. मग दुसऱ्याचं म्हणून ते सांभाळायचं आणि आठ वर्षांचं झालं की परत विकत घ्यायचं. त्या सकाळी सोमी ठाकरीण मोळी विकायला दारात आली होती. बारवी नदीच्या अंगाला डोंगरावर तिची वाडी. आईनं तुला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं. सोमीनं सूप उचललं, अंगणाच्या टोकापर्यंत नेलं आणि जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून आपल्याच उखळाशेजारचा मूठभर कोंडा आणून आईच्या पदरात टाकला. झाला सौदा. बाप असून नाना पुढे म्हणायचे, माल आपला आणि मोलही आपलंच. त्या कोंड्यावरून तू कोंडू. दोन वर्षांनी मी झाले, तेव्हा मला कोणी विकलं नाही. मुलीला न्यायला मरण तरी कशाला येतंय, असं वाटलं असेल.

आई सोमीला ओट्याच्या वर कधी घ्यायची नाही. पाणी द्यायचं तेसुद्धा वरून, ओंजळीत. मुलगा मात्र तिचा. या विसंगतीवर आपण दोघं मोठेपणी किती वेळा हसलो. आई हसली नाही कधी.

ठरलं होतं असं, की दर शिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेत आईनं तुला तिच्यापुढे उभं करायचं. देवळामागे नदीच्या अंगाला एक मोठं झाड होतं, त्याखाली सोमी बसलेली असायची. काळी, काटकुळी, गळ्यात मण्यांच्या माळांवर माळा. तिच्या अंगाला धुराचा वास यायचा. ती तुझ्यासाठी पानांच्या द्रोणात मध आणायची, कधी भाजलेले कंद, एकदा तर जिवंत तित्तिर आणला होता आणि नाना दचकून मागं सरले होते. आई तिला खण-नारळ द्यायची. सोमी तुझं तोंड दोन्ही हातांत धरून बघायची आणि म्हणायची, "माझा कोंडू बरा हाय का? जेवतो का?" ती "माझा" म्हणाली की मला वाटायचं, आता ही तुला नेणार. मी तुझ्या सदऱ्याचं टोक धरून ठेवायची.

त्या भीतीला तू खतपाणी घातलंस, हे कबूल कर. आपलं भांडण झालं, मी तुझी गोटी दिली नाही, की तू बदलापूरच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणायचास, "मी जाईन हां माझ्या आईकडे. तिथं शाळा नसते. मला धनुष्य मिळणार आहे." की मी मुकाट्यानं गोटी तुझ्या हातात ठेवायची. वर माझ्या वाटणीचा गूळही. माझ्या भीतीवर तू चांगला गुबगुबीत झालास, दादा.

तू आठ वर्षांचा झालास त्या वर्षी शिवरात्रीला तुला परत घ्यायचं ठरलं. आईनं महिनाभर आधी नव्या तांदळाची पिशवी बाजूला काढली, सूप शेणानं सारवून घेतलं. सोमी तेव्हा बरेच दिवस मोळी घेऊन आली नव्हती, पण भातकापणीनंतर ठाकर मंडळी कामाला लांब जायची, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. मला मात्र एकच दिसत होतं. आज सोमी नाही म्हणाली तर? मुलगा देत नाही, असं म्हणाली तर? तिच्याकडे कोयता असायचा. नानांकडे छत्री. निघायच्या आधी मी माझ्या वेणीची रिबीन काढून तिचं एक टोक तुझ्या सदऱ्याच्या काजात घातलं आणि दुसरं माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधलं. गाडीत बसल्यावर तू खाली उतरलास आणि मी तोंडावर आपटले. तू एवढा हसलास की आईनं धपाटा घातला. रिबीन मात्र तू सोडली नाहीस. मला वाटतं, तुलाही ती हवी होती.

शेजाऱ्यांची बैलगाडी होती. रस्त्यानं सगळ्या गाड्या अंबरनाथकडेच चाललेल्या, बायका उपाशीपोटी गाणी म्हणत होत्या. आपल्या आईच्या मांडीवर सूप, सुपात तांदळाची पिशवी, आणि नजर तुझ्यावर. नाना तिला हसवायला बघत होते. "अगं, आज मुलगा घरी येणार, आणि तू तोंड असं काय केलंस?" आई म्हणाली, "संध्याकाळी घरी पोचलो की हसेन."

देवळात पहिल्यांदा काय झालं ते तुला आठवतं? गाभारा खाली आहे, जमिनीच्या पोटात. ओल्या पायऱ्या उतरून जायचं, वरून माणसं लोटतात, खालची वर येऊ बघतात, मध्ये अंधार आणि बेलाचा, दुधाचा, घामाचा वास. मी मध्यावर रडायला लागले. पुढंही जाता येईना, मागंही. तू मला पाठीवर घेतलंस. आठ वर्षांचा तू, आणि तुझे पाय लटपटताना मला कळत होते. तू म्हणालास, "डोळे मीट. मी सांगतो तेव्हा उघड." तू सांगितलंस तेव्हा आपण पिंडीपुढं होतो आणि वर छत नव्हतं, डोक्यावर उन्हाचा तुकडा होता. पुढं आयुष्यात ऑपरेशनच्या टेबलावर, पोराच्या निकालाच्या दिवशी, मी तसेच डोळे मिटले आणि तुझ्या आवाजाची वाट पाहिली. हे तुला सांगितलं असतं तर तू चिडवलं असतंस. म्हणून राहून गेलं.

दर्शन झालं आणि आपण झाडाखाली गेलो. सोमी नव्हती. नाना म्हणाले येईल, लांबून यायचंय. आपण शेंगदाणे आणि रताळी खाल्ली. आईनं उपास म्हणून पाणीसुद्धा घेतलं नाही, सूप मांडीवरून खाली ठेवलं नाही. ऊन डोक्यावर आलं. मौत का कुआवाल्याची फटफटी घुमायला लागली, आणि तिचा आवाज वाढला की आई दचकायची. मग एक उंच, पाठीत वाकलेला माणूस हातात तांब्या घेऊन आला आणि आपल्यापुढं उकिडवा बसला. सोमीचा नवरा, बुधा. आपण त्याला त्याआधी एकदाच बघितलं होतं.

"बाय, ती नाय ऱ्हायली," तो म्हणाला. "तापानी गेली. भात झोडायचं चाललं व्हतं तवा."

खरं सांगते, मला आनंद झाला. आता तुला कोणी नेणार नव्हतं. मी तुझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मग आईकडे बघितलं आणि हसू जिथल्या तिथं राहिलं. आईच्या चेहऱ्यात रक्त नव्हतं. तिनं तुला एकदम ओढून जवळ घेतलं, रिबिनीसकट, त्यामुळे मीही ओढले गेले. तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस चुकीच्या गोष्टीला घाबरत होते. तुझी मालकीण मेली होती, आणि तू अजून तिचा होतास. ज्या मरणाला फसवायला तुला विकलं, त्याच्याच घरी तुझी मालकीण जाऊन बसली होती.

नाना म्हणाले, "वाईट झालं. पण मग... तुम्ही नवरा आहात तिचा. तुम्ही तांदूळ घ्या आणि मोकळं करा."

"घेतो की," बुधा म्हणाला. "पर तिचं एक ऱ्हायलंय. मला तिघी पोरीच. ती जाताना बोलली, माझा ल्योक बेलवलीला हाय, त्याच्या हातचं पानी दे मला. दिवस घालायचं तेवढ्यासाठी ठेवलंय. नदीत एक वंजळ पानी पोरानी सोडावं. मंग तुमचा तुम्ही न्या."

हे आता कोणाला सांगितलं तर कळणार नाही. ज्याची आई जिवंत आहे तो मुलगा आईच्या नावानं पाणी सोडत नाही. सोडलं, तर त्याचा अर्थ एकच. आई मेली. बेलवलीतली कुठलीही बाई हे ऐकून कानावर हात ठेवून पळाली असती. आणि नाही सोडलं, तर तहानेली सोमी आपलं पाणी मागायला आपल्या मुलाकडे येणार. आईपुढं दोनच वाटा होत्या, एका वाटेवर ती स्वतः, दुसरीवर तू. सहा वर्षांच्या मला हे सगळं कळलं. भीती मुलांना लवकर कळते, निदान मला तरी कळायची.

नाना शिकलेले, कारखान्यात स्टोअरकीपर, वर्तमानपत्र वाचणारे. घरी म्हणायचे हे सगळं थोतांड आहे. तिथं त्यांनी काय केलं? घाम पुसला आणि म्हणाले, "त्याची मुंज झालेली नाही अजून. त्याला तो अधिकार नाही." बुधा म्हणाला, "आमच्यात मुंज नाय लागत, दादा."

आई उठली. एका काखेत सूप, दुसऱ्या हातात तू, तुझ्यामागे रिबिनीला मी, आणि ती जत्रेत घुसली. धावतच होती. बांगड्यांची दुकानं, कवठांचे ढीग, पिपाण्या, सगळं माझ्या नाकासमोरून जात होतं. मी मागं वळून बघत होते की तो माणूस येतोय का. तो येत नव्हता. त्यानं हाकही मारली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

फाळणीनंतर कॅम्पात येऊन राहिलेल्या एका सिंधी बाईचं पापडांचं दुकान होतं, दुकान कसलं, चार बांबूंवर धोतर टाकलेलं. तिथं आई मटकन बसली. त्या बाईनं काही न विचारता स्वतःचं पिंप उपडं घालून तिला बसायला दिलं. नाना मागून धापा टाकत आले. आई काही बोलेना तेव्हा त्यांना वाटलं मुलांना इथून हलवावं. ते आपल्याला पाळण्यात बसवायला घेऊन गेले. अशा वेळी पाळणा! पण बापमाणसाला दुसरं सुचणार तरी काय.

लाकडी पाळणा, चार खोकी, दोन माणसं हातानं फिरवायची. आपलं खोकं वर गेलं आणि तिथंच थांबलं, खालच्या खोक्यात कोणी चढत होतं. मी तुझ्या मांडीत तोंड खुपसलं. सगळी लाकडं करकरत होती. तू मात्र उभाच राहिलास. मी ओरडले, बस रे. तू बसला नाहीस. मग अगदी हळू म्हणालास, "शाले, तो अजून तिथंच बसलाय. नदीवर. तांब्या घेऊन."

खाली उतरल्यावर तू सरळ आईकडे गेलास. पाळण्यातून येऊन चक्कर आली होती तुला, चालताना झोक जात होता. तू म्हणालास, "आई, मी अजून तिचाच आहे ना? तांदूळ दिले नाहीत ना आपण?"

आई म्हणाली, "गप्प बस."

"मग मलाच जायला पाहिजे. त्याला मुलगा नाहीये."

"कोंडू, मी मरेन रे," आई म्हणाली. एवढ्या साध्या आवाजात, जणू दूध नासेल असं सांगावं. तू रडायला लागलास. मी तर आधीच रडत होते. नाना छत्रीच्या टोकानं माती उकरत होते.

तेव्हा ती सिंधी बाई बोलली. तिला आपलं मराठी किती कळलं होतं कोण जाणे. मघापासून ती पापडांवरच्या माश्या वारत बसली होती. ती म्हणाली, "अदी," म्हणजे ताई, "मेरी अम्मा उधर ही रह गई. बूढ़ी थी, गाडी में चढ़ नहीं सकी. किसने पानी दिया, नहीं दिया, क्या मालूम. मेरे को रोज सपने में आती है. कुछ बोलती नहीं. बस हाथ ऐसे करती है." आणि तिनं ओंजळ पुढं केली.

आईनं त्या ओंजळीकडे बघितलं. मग उठली, सूप कमरेवर घेतलं आणि नदीकडे चालायला लागली.

यावरून आपण जन्मभर भांडलो. तू म्हणायचास, आईला त्या दोघींची कणव आली. मी म्हणायची, कणव बिणव काही नाही, ती घाबरली. तिला स्वप्नात सोमी दिसली, ओंजळ पुढं करून तुझ्या उशाशी उभी. ती भीतीनं उठली. तू म्हणायचास, "तुला सगळीकडे भीतीच दिसते." मी म्हणायची, "तुला दिसत नाही म्हणून नसते होय?" माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा आपण पंगतीत यावर वाद घातला आणि व्याहीमंडळी बघत राहिली. आता मला कोण खोटं पाडणार? माझंच खरं, असं म्हणायची मोकळीक मिळाली आहे, आणि म्हणवत नाही.

पण नदीवर जे झालं त्यावर आपलं कधी भांडण झालं नाही. वालधुनीला तेव्हा पाणी होतं, घोट्याएवढं, तळ दिसेल असं. बुधानं तुला दक्षिणेकडे तोंड करून उभं केलं. तुझी ओंजळ लहान, त्यात भीतीनं बोटं मिटेनात, बुधानं तांब्यातून घातलेलं पाणी बोटांतून गळून जायचं. एकदा गेलं, दोनदा गेलं. मी काठावर होते, रिबीन आता सोडलेली होती, आणि मला वाटत होतं की हे असंच चालू राहावं, पाणी कधीच भरू नये. तेव्हा आई सूप काठावर ठेवून, चपला न काढता पाण्यात उतरली. बुधाच्या हातातला तांब्या तिनं घेतला. तुझ्या हातांखाली आपला डावा तळवा धरला, बोटं मिटवली आणि उजव्या हातानं पाणी ओतलं. म्हणाली, "सोड. तिचं नाव घे आणि सोड." जिवंत आईनं आपल्या हातानं मुलाच्या ओंजळीत पाणी घातलं, आणि मुलानं ते आईच्या नावानं सोडलं. दादा, मी त्यानंतर खूप जग पाहिलं. एवढं धाडस कोणी केलेलं मी पाहिलं नाही. ती कापत होती, तिचा पदर पाण्यावर नुसता थरथरत होता.

तुझे ओठ हलले. तू सोमीचं नाव घेतलंस आणि आणखी काहीतरी पुटपुटलास. बरंच लांब होतं ते.

मग बुधानं सुपातले तांदूळ आपल्या धोतराच्या सोग्यात घेतले, खण थोरल्या पोरीसाठी घेतला. तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आता तुमचा." आणि डोंगराच्या दिशेनं निघून गेला.

घरी पोचल्यावर आई काही हसली नाही. माझी तर खरी भीती तिथून सुरू झाली. दुपारी आई आडवी झाली की मी तिच्या नाकाखाली बोट धरायची. मग तुझ्या. मग परत तिच्या. उन्हाळ्यात आईला ताप आला तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. पावसाळ्यात तुला गोवर निघाला तेव्हा सोमी माळ्यावर बसली आहे असं मला स्वच्छ दिसायचं. तू बरा झालास. आईही बरी झाली, आणि बरी म्हणजे केवढी, नातसुनांवर रागवायला पुरून उरली. तरी प्रत्येक शिवरात्रीला वाटायचं, या वर्षी. तू मात्र दर शिवरात्रीला नदीवर जात राहिलास. पुढे नदी नदीसारखी राहिली नाही, तर घरून बाटलीत पाणी घेऊन शेअर रिक्षानं जायचास. आईनं एकदाही अडवलं नाही. बाटली तीच भरून द्यायची.

तेव्हा काय पुटपुटलास, हे मी तुला किती वेळा विचारलं असेल. तू म्हणायचास, "मंत्र म्हटला." कुठला मंत्र येत होता तुला तेव्हा?

मग गेल्या महिन्यात, इस्पितळात, नाकातली नळी सरकवून तू आपणहून म्हणालास, "शाले, सांगू? मी फार घाबरलो होतो गं तेव्हा. चड्डी ओली झाली होती. पाण्यात उभा होतो म्हणून कळलं नाही कोणाला." मला वाटायचं आपल्या घरात घाबरणारी मी एकटी. "मी तिला म्हटलं, आईला नेऊ नकोस. मला नेणार असशील तर आत्ता नको, म्हातारा झालो की ने. तेव्हा मी येईन." आणि तू हसलास, लहानपणी हसायचास तसं लबाड. "शब्द दिलाय. आता सबब सांगायला जागा नाही."

मी म्हटलं, "काहीतरी बरळू नकोस." मी मास्तरीण होते, चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गांना विज्ञान शिकवत आले. पण त्या क्षणापासून मी दाराकडे तोंड करून बसले. नर्स आली तरी दचकायची. तुझा मुलगा म्हणायचा, आत्या, घरी जाऊन आराम करा. मी हलले नाही. त्याला कसं सांगणार की मी पहारा देते आहे?

त्या दुपारी तो औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत आपण दोघंच. तुझा श्वास लांब लांब पडायला लागला. मी तुझ्या सदऱ्याचं टोक धरलं होतं, कधी धरलं ते मलाही कळलं नाही. बाहेरून कोणी आलं नाही, दादा. मी बघत होते. दार सताड उघडं होतं, बाहेरच्या बाकावर ऊन पडलं होतं. पण तू दाराकडे बघितलंस आणि तुझ्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ओळखीचं माणूस दिसलं की जातात तशा. मग श्वास आलाच नाही. मी नाकाखाली बोट धरून बघितलं.

इतकी वर्षं जिला घाबरले, तिच्याशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. मी सदऱ्याचं टोक सोडलं, दाराकडे वळले आणि म्हटलं, "सोमीआई, हळू ने गं त्याला. त्याला चढण सोसत नाही."